मोठ्या आतड्याचा कर्करोग: फिट कुणाला, कोलोनोस्कोपी कुणाला, हे दवाखान्यात कसं ठरवायचं

तिशी ओलांडलेल्यांचा सीबॅक, म्हणजे आजारांच्या धोक्याची पहिली चाचपणी करणारा सरकारी फॉर्म आशाताई भरतात. त्यावरून पुढे रक्तदाब आणि मधुमेह यांची, शिवाय तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन ठिकाणच्या कर्करोगांची चाळणी होते. मोठं आतडं त्या यादीत नाही. म्हणजे आतड्याचं जे काही स्क्रीनिंग व्हायचं ते फॅमिली डॉक्टरच्या टेबलावर, रुग्ण सर्दी-खोकल्यासाठी नाहीतर साखरेची गोळी लिहून घ्यायला आलेला असताना, चार-पाच मिनिटांत व्हायचं. त्या मिनिटांत काय विचारायचं, काय लिहायचं आणि कुणाला कुठे पाठवायचं, ते इथे सांगितलं आहे. चाचण्या मुख्यतः दोन: फिट, म्हणजे शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी, आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून पाहणं.

अमेरिकेत २०२१ पासून ४५ ते ७५ वयाच्या सगळ्यांनाच तपासणी सांगतात. त्याआधी सुरुवात पन्नाशीला होती. आपल्याकडे ती पद्धत जशीच्या तशी चालत नाही. २०२२ साली जगात या कर्करोगाचे १९ लाखांहून जास्त नवे रुग्ण सापडले, त्यातले भारतातले सुमारे ७० हजार. एवढ्या मोठ्या लोकसंख्येत सरसकट कोलोनोस्कोपी केली तर बहुतेकांचं आतडं स्वच्छ निघेल आणि ज्याला खरी गरज आहे तो रांगेत मागे राहील. पण नुसतं वय धरून बसलं तरी फसायला होतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या ८०० रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात रुग्णांचं सरासरी वय सुमारे ४७ होतं. पन्नाशीची रेघ मारली असती तर त्यातले कितीतरी जण रेघेच्या अलीकडेच सुटले असते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी लक्षणं, मग घराणं, मग रुग्णाचे जुने कागद, आणि वय-व्यसनाचे गुण सगळ्यात शेवटी.

लक्षण असलेला माणूस स्क्रीनिंगच्या रांगेतला नाही

स्क्रीनिंग म्हणजे काहीही त्रास नसलेल्याची तपासणी. शौचावाटे रक्त, सहा आठवड्यांहून जास्त टिकलेला शौचाच्या सवयीतला बदल, पोट साफ झालं तरी पुन्हा जावंसं वाटणं, कारण नसताना घटलेलं वजन, पोटात हाताला लागणारी गाठ, लोह कमी असलेला ॲनिमिया; यातलं काहीही असलं तर तो रुग्ण निदानाच्या वाटेवर जातो. त्याला फिटचं कार्ड देऊन, निगेटिव्ह आलं म्हणून घरी पाठवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ब्रिटनमध्ये लक्षणं असलेल्यांचीही आधी फिट करतात हे खरं, पण तिथली चाचणी आकड्यात निकाल देते आणि पॉझिटिव्ह धरण्याची मर्यादा एका ग्रॅम शौचामागे १० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन इतकी खाली ठेवलेली असते. दोन रेघा दाखवणाऱ्या कार्डावर तो भरवसा टाकता येत नाही.

रक्त पडतंय म्हटलं की रुग्ण स्वतःच ‘मूळव्याध’ हे निदान घेऊन येतो. बऱ्याचदा एखादं मलम आणि गावठी औषध करूनही आलेला असतो. मूळव्याध असेलही. पण ती आहे म्हणून वर गाठ नाही असं होत नाही. केसपेपरवर ‘मूळव्याध’ लिहिण्याआधी हातमोजा घालून गुदतपासणी करा. आपल्याकडे गुदाशयातल्या गाठींचं प्रमाण मोठं आहे आणि खालच्या सात-आठ सेंटिमीटरमधली गाठ बोटाला लागते: कडक, खडबडीत कडांची, बोट बाहेर काढल्यावर मोज्याला रक्त किंवा शेम लागलेली. साधा मूळव्याध बोटाला लागतच नाही, तो मऊ असतो आणि दाबला की विरतो. त्यामुळे ‘बोटाला काहीतरी लागलं, मूळव्याध असेल’ हे वाक्य मनात आलं की थांबायचं.

ॲनिमियाचंही तसंच. हिमोग्लोबिन ९ दिसलं की ‘पालेभाज्या खा’ म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात, महिन्याने ते ११ होतं आणि विषय संपतो. पुरुषात, आणि पाळी गेलेल्या बाईत, लोह कुठून गळतंय हे शोधायचं असतं. ॲनिमिया असताना फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) ४५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर लोहाची कमतरता धरा आणि वरून व खालून, दोन्ही दुर्बिणी सांगा. गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढलं म्हणजे गळती थांबली असं नाही. उजव्या बाजूची गाठ अशीच असते: शौच व्यवस्थित, रक्त डोळ्यांना दिसत नाही, फक्त माणूस जिना चढताना दमतो.

आपल्याकडची आणखी एक फसगत म्हणजे क्षयरोग. उजव्या ओटीपोटात गाठ, बारीक ताप, वजन कमी. सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड. अशा वेळी तुकडा न काढता क्षयाची औषधं सुरू केली आणि गाठ निघाली कर्करोगाची, तर हातातले महिने गेले. बायोप्सी आधी, गोळ्या नंतर.

घराण्याचा इतिहास: ‘घरात कुणाला?’ असं विचारू नका

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. ‘घरात कुणाला कॅन्सर होता का?’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ येतं, आणि त्याची कारणं तीन.

पहिलं, ‘घर’ या शब्दाचा अर्थ. लग्न झालेल्या बाईला ‘घरात’ विचारलं की ती सासरचं सांगते. सासऱ्यांना होता, दिराला होता. ते नवऱ्याच्या कामाचं, तिच्या नाही. तिला ‘माहेरी’ असं स्पष्ट विचारा: आई, वडील, सख्खे भाऊ-बहीण, मग मामा-मावशी, काका-आत्या, दोन्हीकडचे आजी-आजोबा.

दुसरं, ‘कॅन्सर’ हा शब्द घरात उच्चारलेलाच नसतो. वडिलांना ‘पोटाचा आजार’ होता, ‘गाठ’ होती, ‘आतड्याला पीळ’ पडला होता. म्हणून आजाराचं नाव न घेता काय काय केलं ते विचारा. कुणाच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं का? पोटावर शौचाची पिशवी बसवली होती का? कुणाला टाटाला नेलं होतं का? केमो, ‘शेक’ (रेडिएशन), केस गेले होते का? बॉम्बेला किंवा पुण्याला नेऊन परत आणलं, ‘उशीर झाला’ म्हणाले, असं कुणाचं? या प्रश्नांना हो-नाही नीट मिळतं.

तिसरं, ‘पिशवी’. पोटावरची पिशवी वेगळी आणि गर्भपिशवी वेगळी, पण बोलताना दोन्ही नुसतीच ‘पिशवी’. ‘आईची पिशवी काढली’ यावरून काहीच ठरत नाही. आपल्याकडे पाळीच्या त्रासासाठीही सर्रास गर्भपिशवी काढतात, बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या बाबतीत तर त्याची बातमीच झाली. म्हणून पुढे विचारा: कशासाठी काढली, वय किती होतं, काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट आहे का, नंतर शेक दिले का. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि आतड्याचा कर्करोग एकाच घराण्यात असणं ही लिंच सिंड्रोमची, म्हणजे कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या पिढीजात जनुकीय दोषाची, ठळक खूण आहे. ती या एका शब्दात हरवते.

आपल्या भाषेने मात्र एक काम सोपं करून ठेवलं आहे. मामेभाऊ, मावसबहीण, चुलतभाऊ, आतेबहीण; नातं सांगितलं की कुठल्या बाजूचं ते आपोआप कळतं. त्यामुळे पानाच्या मधोमध रेघ मारा, डावीकडे आईची बाजू, उजवीकडे वडिलांची. प्रत्येक आजारी नातेवाईकापुढे तीनच गोष्टी: कुठल्या अवयवाचा, कितव्या वर्षी सापडला, हयात आहे की नाही. मृत्यूचं वय नको, निदानाचं हवं. ते आठवत नसेल तर ‘तुमचं लग्न झालं होतं का तेव्हा?’, ‘धाकटा शाळेत होता का?’ असं विचारलं की दोन-तीन वर्षांच्या फरकाने वय निघतं. दोन्ही बाजूंची बेरीज करू नका. आईकडचा एक आणि वडिलांकडचा एक म्हणजे ‘दोन नातेवाईक’ नव्हेत. नात्यात लग्न झालेलं असेल, मामाची किंवा आत्याची मुलगी केली असेल, तर तेही लिहा. तिथे दोन्ही बाजू एकमेकांत मिसळतात.

वेळ अगदीच कमी असेल तर तीन प्रश्न पुरतात. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यापैकी कुणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा, गर्भाशयाचा, अंडाशयाचा, जठराचा किंवा मूत्रमार्गाचा कर्करोग झाला का? स्वतःला पन्नाशीच्या आत आतड्याचा कर्करोग किंवा पॉलिप (आतड्याच्या आतल्या भिंतीवर वाढलेला कोंब) निघाला का? आतड्याचा कर्करोग झालेले तीन किंवा जास्त नातेवाईक आहेत का? एकालाही ‘हो’ आलं तर मोठा आराखडा काढायला वेगळी वेळ द्या.

जुने कागद

रुग्णाच्या पिशवीत किंवा मोबाइलमध्ये जुने रिपोर्ट असतातच. तीन गोष्टी शोधायच्या. आधीच्या दुर्बीण तपासणीत निघालेले पॉलिप आणि त्यांचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षं सूज ठेवणारे आजार) यांचं निदान, आणि त्रास कोणत्या साली सुरू झाला. पोटाला किंवा ओटीपोटाला पूर्वी दिलेलं रेडिएशन. ‘पॉलिप होता, काढला’ एवढंच माहीत असेल तर काहीच माहीत नाही असं समजा. पॉलिप किती मिलिमीटरचा, किती संख्येने आणि ॲडिनोमा (पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारा) होता की हायपरप्लास्टिक (सहसा निरुपद्रवी), यावर पुढची तारीख ठरते.

आता खाना ठरवा

वरची माहिती हातात आल्यावर रुग्ण खालीलपैकी एका खान्यात बसतो. वरून खाली वाचत या आणि पहिला जुळेल तिथे थांबा.

- फॅप (एक पिढीजात आजार): घराण्यात शेकड्याने पॉलिप निघालेलं आतडं. यात पॉलिप काढत बसून भागत नाही, उपचार झाले नाहीत तर चाळिशीपर्यंत कर्करोग जवळजवळ ठरलेला. मुलांची दुर्बीण १०-१२ व्या वर्षापासून, दरवर्षी.
- लिंच: एका बाजूला तीन नातेवाईक, त्यातला एक बाकी दोघांचा पहिल्या नात्यातला (म्हणजे आई-वडील, सख्खं भावंड किंवा मूल), किमान दोन पिढ्या, किमान एकाचं निदान पन्नाशीच्या आत. ही ३-२-१ ची जुनी ॲमस्टरडॅम कसोटी. यात न बसणारीही लिंचची घराणी असतात, म्हणून ती शंका घेण्यासाठी वापरा, शंका काढून टाकण्यासाठी नाही. एमएलएच१ किंवा एमएसएच२ या जनुकांत दोष असेल तर कोलोनोस्कोपी २०-२५ व्या वर्षापासून, एमएसएच६ किंवा पीएमएस२ असेल तर ३०-३५ पासून, दर एक-दोन वर्षांनी.
- कोलायटिस: त्रास सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी पहिली तपासणी, मग आजाराच्या जोरानुसार दर एक ते पाच वर्षांनी. सोबत पित्तनलिकांचा पीएससी हा आजार असेल तर आठ वर्षं थांबायचं नाही, निदान झाल्यापासून दरवर्षी.
- पहिल्या नात्यातला एक रुग्ण साठीच्या आत, किंवा कुठल्याही वयाचे दोन: कोलोनोस्कोपी चाळिशीला, किंवा घरातल्या सर्वांत लहान वयाच्या निदानाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा, पुढे दर पाच वर्षांनी.
- पहिल्या नात्यातला एकच, साठीनंतर: चाळिशीला सुरुवात, पण चाचणी साध्या धोक्याच्या माणसाची, फिटही चालेल.
- यातलं काहीच नाही: साधा धोका. याचे गुण काढायचे.

दहा वर्षांचं गणित एकदा हाताने करून पाहा. आईला ४४ व्या वर्षी निदान झालं, मुलगा आज ३८ चा. चाळीस की चौतीस? चौतीस. म्हणजे त्याची तपासणी चार वर्षं आधीच व्हायला हवी होती. हा मुलगा ‘अजून चाळिशी आली नाही’ म्हणून परत जातो, वर्षानुवर्षं.

लिंचची शंका असेल तर थेट रुग्णाच्या रक्ताची जनुकीय चाचणी मागवू नका. आधी ज्याला कर्करोग झाला त्याच्या गाठीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) शोधा. मोठी रुग्णालयं ब्लॉक जपून ठेवतात. त्याच्यावर एमएमआर प्रथिनांची (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या; लिंचमध्ये यातलंच एखादं बिघडलेलं असतं) तपासणी झाली आहे का ते रिपोर्टमध्ये पाहा, नसेल तर ती सांगा. आजारी व्यक्तीत दोष सापडला की मग निरोगी भावंडांत तोच दोष शोधणं सोपं आणि स्वस्त. उलट सुरुवात निरोगी माणसापासून केली आणि निकाल निगेटिव्ह आला, तर त्याच्यात दोष आला नाही की घराण्याचा दोष आपल्याला सापडलाच नाही, हे कळत नाही. समुपदेशनासाठी खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये टाटा मेमोरियल सेंटरची जनुकीय ओपीडी आहे.

साध्या धोक्याच्या माणसाचे गुण

आशियातल्या लोकांवर तयार झालेली एपीसीएस (एशिया-पॅसिफिक कोलोरेक्टल स्क्रीनिंग) गुणपद्धत २०११ पासून उपलब्ध आहे. कागदाची गरज नाही, तोंडी होते.

वय पन्नाशीच्या आत ०, ५० ते ६९ असेल तर २, सत्तर किंवा पुढे ३. पुरुष असेल तर १. पहिल्या नात्यात आतड्याचा कर्करोग २ (आपल्या क्रमात असा माणूस वरच्या खान्यातच थांबलेला असतो). धूम्रपान, चालू असो वा सोडलेलं, १.

बेरीज ०-१ म्हणजे साधारण धोका, २-३ मध्यम, ४ ते ७ जास्त. ५६ वर्षांचा, बिडी ओढणारा पुरुष: दोन, एक, एक, चार. घरात कुणालाही आजार नसताना तो वरच्या गटात बसतो. ५२ वर्षांची बाई, कुठलंच व्यसन नाही: दोन. जास्त गटाला थेट कोलोनोस्कोपी, मध्यम गटाला दरवर्षी फिट, साधारण गटात वय ४५ च्या पुढे असेल तर फिट, त्याआधी काही नाही.

बिडी मोजायची, सोडलेलीही मोजायची. मशेरी आणि खाण्याच्या तंबाखूला मात्र या पद्धतीत गुण नाहीत. ते तोंडाच्या तपासणीच्या रकान्यात लिहा. दारू, लठ्ठपणा आणि मधुमेह हेही धोका वाढवतात पण बेरजेत येत नाहीत. रुग्ण तीनवर अडकला असेल आणि सोबत दोन गोष्टी या यादीतल्या असतील, तर त्याला कोलोनोस्कोपीकडे ढकलणं हा आमच्या मते शहाणपणा आहे. शिवाय या पद्धतीचं काम पन्नाशीच्या आसपास आणि पुढे. तिशीतल्या माणसाचे गुण शून्य आले म्हणून त्याच्या शौचातल्या रक्ताकडे काणाडोळा करायचा नसतो.

पंचाहत्तरीनंतर नव्याने स्क्रीनिंग सुरू करण्यात सहसा फायदा नाही. ७६ ते ८५ मध्ये तब्येत आणि आधीच्या तपासण्या पाहून ठरवा. पुढची दहा वर्षं काढण्याची शक्यता कमी असेल तर आतडं शोधू नका.

फिट: कार्ड हातात देण्याआधी

लॅबला पहिला प्रश्न: ‘ऑकल्ट ब्लड’ म्हणजे तुम्ही कोणती चाचणी करता? जुनी ग्वायक पद्धत असेल तर तिला तीन दिवसांचे नमुने लागतात, मटण आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. मटण खाल्लेल्याची खोटी पॉझिटिव्ह येते, क जीवनसत्त्व घेणाऱ्याची खोटी निगेटिव्ह. फिट माणसाच्याच हिमोग्लोबिनला पकडते, पथ्य नाही, नमुना एकच. शक्य असेल तर आकड्यात निकाल देणारी मागा. बऱ्याच ठिकाणी पॉझिटिव्हची मर्यादा एका ग्रॅम शौचामागे २० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन अशी असते.

नमुना कसा घ्यायचा हे कुणी सांगत नाही, आणि नमुना बाद होण्याचं हेच मोठं कारण. कमोडमध्ये पाण्यात पडलेलं शौच चालत नाही, पाण्यात रक्त धुऊन जातं. भारतीय संडासात भांड्यावर वर्तमानपत्राची चार पदरी घडी किंवा कागदी द्रोण ठेवायला सांगा. लघवी आधी वेगळी करून घ्यायची. हार्पिकसारखं औषध भांड्यात घातलेलं नको. नळीच्या झाकणाला जी बारीक काडी असते तिच्या टोकाला खाचा असतात. ती काडी शौचाच्या पृष्ठभागावर पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी ओढायची, कारण रक्त वरून लागलेलं असतं आणि सगळीकडे सारखं नसतं. खाचा भरल्या की पुरे. रुग्णाला वाटतं जास्त दिलं तर बरं, मग तो नळीत चमचाभर कोंबतो आणि आतलं द्रावण घट्ट होऊन चाचणी बिघडते. काडी परत नळीत खोचून झाकण टक आवाज येईपर्यंत दाबायचं, हलवायचं, तारीख आणि वेळ लिहायची.

पाळी चालू असताना, पाळी संपल्यावर तीन दिवसांत, मूळव्याधीतून रक्त वाहत असताना किंवा लघवीत रक्त असताना नमुना घ्यायचा नाही.

ऊन हा आपल्याकडचा खास शत्रू. उष्णतेने हिमोग्लोबिन तुटतं आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. इटलीत फ्लोरेन्सच्या स्क्रीनिंगमध्ये उन्हाळ्यात नमुन्यातलं हिमोग्लोबिन हिवाळ्यापेक्षा कमी भरल्याचं दिसून आलं. तिथला उन्हाळा तो केवढा. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात स्कूटरच्या डिकीत दोन तास राहिलेल्या नळीचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. सकाळचा नमुना त्याच दिवशी दवाखान्यात, तोवर फ्रिजमध्ये दोन पदरी पिशवीत. फ्रिजमध्ये ठेवायला घरचे नाक मुरडणार असतील (मुरडतातच), तर रुग्णाला सांगा की नमुना त्याच सकाळी थेट आणून द्या. कलेक्शन बॉय दुपारी फिरतो का, आइसपॅक असतो का, हेही लॅबला विचारा.

एक फिट शंभरातले साधारण ७९ कर्करोग पकडते. मोठे पॉलिप मात्र चारातला एखादाच. म्हणून ती दरवर्षी करायची. ‘गेल्या खेपेला निगेटिव्ह होती’ ही पुढच्या पाच वर्षांची हमी नाही.

पॉझिटिव्ह आल्यावर

फिट पुन्हा करायची नाही. ‘मूळव्याधीमुळे आली असेल, महिन्याने परत करू’ हे ऐकायला समजूतदार वाटतं, पण गाठीतून रक्त रोज येत नाही. दुसऱ्या खेपेला निगेटिव्ह आली तर पहिला निकाल खोटा ठरत नाही. पुढचं पाऊल एकच, कोलोनोस्कोपी, आणि ती काही आठवड्यांत. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, फिट पॉझिटिव्ह आल्यावर दहा महिन्यांहून जास्त थांबलेल्यांत कर्करोग आणि त्यातही पुढच्या टप्प्यातला कर्करोग जास्त सापडला.

रुग्णाला सांगताना ‘कॅन्सरची तपासणी पॉझिटिव्ह’ असं म्हणू नका. शौचात न दिसणारं रक्त सापडलं आहे, बहुतेक वेळा कारण साधं असतं, पण आत बघितल्याशिवाय कळत नाही आणि पॉलिप सापडला तर त्याच वेळी काढता येतो. तारीख त्याच्यासमोर फोन लावून घ्या. चिठ्ठी हातात दिली की ती शर्टाच्या खिशातच धुतली जाते.

कोलोनोस्कोपी वाया जाण्याचं पहिलं कारण अर्धवट साफ झालेलं पोट. तयारीचा कागद दवाखान्यातच मराठीत छापून ठेवा:

- पाच-सात दिवस आधी लोहाच्या गोळ्या बंद. त्या शौच काळं आणि चिकट करतात, ते आतड्याच्या भिंतीला धरून बसतं.
- तीन दिवस आधीपासून पालेभाजी, पेरू, डाळिंब, टोमॅटो, तीळ, अळशी, भाकरी बंद. बिया दुर्बिणीच्या नळीत अडकतात. साधा वरण-भात चालेल.
- आदल्या दिवशी गाळलेली पेज, साखरपाणी, लिंबू सरबत, कोरा चहा. ताक आणि दूध नाही. कोकम सरबतही नाही: त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. नारळपाणी चालतं, पण किडनीचा आजार असेल तर नाही.
- पोट साफ करणारी पेग पावडर दोन लिटर पाण्यात, दोन भागांत. तपासणी सकाळी अकराला असेल तर पहिला लिटर आदल्या संध्याकाळी सातला, दुसरा पहाटे पाचला. दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. तपासणीच्या किमान दोन तास आधी पिणं बंद. सगळं आदल्या रात्रीच उरकलं तर सकाळपर्यंत उजव्या बाजूला पुन्हा पित्ताचा थर बसतो आणि तिथले चपटे पॉलिप झाकले जातात.
- शेवटचं शौच पिवळ्या पाण्यासारखं, तळ दिसेल असं हवं. गढूळ असेल तर निघण्याआधी फोन.

मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर तीन दिवस आधी थांबवा. उपाशीपोटी त्यांनी किटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) होऊ शकतो, आणि साखर तेव्हा फार वाढलेली दिसत नाही. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिनचा डोस पातळ आहाराच्या दिवसासाठी लिहून द्या, तोंडी सांगू नका. रक्त पातळ करणारी औषधं हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाहीत. किडनीच्या रुग्णाला पोट साफ करण्यासाठी फॉस्फेटचं औषध कधीच नाही.

रिपोर्ट वाचा, ‘नॉर्मल’ शब्दावर थांबू नका

दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, गेली का, अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो आहे का? पोट किती साफ होतं? बोस्टन मोजणीत (आतड्याच्या तीन भागांच्या सफाईला प्रत्येकी ० ते ३ गुण) तिन्ही भागांना किमान दोन-दोन हवेत. दुर्बीण बाहेर काढायला किमान सहा मिनिटं दिली का? यातलं एक जरी नसेल तर ‘नॉर्मल, दहा वर्षांनी या’ धरता येत नाही. साफसफाई अपुरी असेल तर वर्षाच्या आत पुन्हा.

पुढची तारीख पॅथॉलॉजीवरून. दहा मिलिमीटरपेक्षा लहान ॲडिनोमा एक किंवा दोन: सात ते दहा वर्षं. तीन-चार: तीन ते पाच. पाच ते दहा, किंवा एखादा दहा मिलिमीटर वा मोठा, किंवा व्हिलस (झालरीसारखी वाढ), किंवा हाय ग्रेड डिस्प्लेझिया (पेशी फार बिघडलेल्या): तीन वर्षं. दहाहून जास्त: एका वर्षात, आणि सोबत जनुकीय समुपदेशन. वीस मिलिमीटर वा मोठा पॉलिप तुकड्या-तुकड्यांनी काढला असेल तर सहा महिन्यांत ती जागा परत बघायची.

वही

सॉफ्टवेअर नसलं तरी चालेल, शंभर पानी वही पुरते. रकाने: नाव, वय, खाना किंवा गुण, फिट दिल्याची तारीख, नळी परत आल्याची, निकाल, कोलोनोस्कोपीची तारीख, झाली का, पॅथॉलॉजी, पुढची तपासणी कोणत्या महिन्यात. नळी दिल्यापासून सातव्या दिवशी कंपाउंडरने एक फोन करायचा, चौदाव्या दिवशी दुसरा. नळी परत न येणारे सगळ्यात जास्त गळतात. त्याखालोखाल पॉझिटिव्ह येऊनही कोलोनोस्कोपी न करणारे. ती दुसरी नावं लाल शाईने, आणि फोन कंपाउंडरने नाही, डॉक्टरने करायचा. घराण्याचा इतिहास पाच वर्षांनी पुन्हा विचारा. ३५ व्या वर्षी ‘कुणालाच नाही’ म्हणणाऱ्याच्या बहिणीला ४१ व्या वर्षी निदान झालेलं असतं, आणि त्याच्या केसपेपरवर अजून ‘कुणालाच नाही’च असतं.

ज्याचा कर्करोग किंवा मोठा ॲडिनोमा निघाला, त्याला जाताना एक कागद द्या: निदान, निदानाचं वय, आतड्यातली जागा, पॅथॉलॉजीचा निष्कर्ष, एमएमआरचा निकाल. भावंडांपैकी एक नाशिकला, एक दुबईला असतो. फोटो व्हॉट्सॲपवर जातो आणि तिथला डॉक्टर त्यावरून काम सुरू करू शकतो. कागदाच्या खाली प्रत्येक सख्ख्या भावंडाचं आणि मुलाचं नाव लिहा, आणि त्या नावापुढे त्याची पहिली कोलोनोस्कोपी कोणत्या साली व्हायला हवी ते साल.